खिडकीतली पांढरी फळी

शिवणकामाच्या कारखान्यात पाऊल टाकताच आर्किटेक्टबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इमारतीचा आराखडा त्यांचाच. प्रत्येक खिडकीत, डोक्याच्या वर, त्यांनी एक रुंद पांढरी फळी आडवी बसवून घेतली होती. ऊन तिच्यावर पडायचं, छताकडे उसळायचं आणि तिथून मऊ होऊन पार मागच्या रांगेपर्यंत पोचायचं. आता त्या फळ्यांवर कापडाचे गठ्ठे छताला भिडले होते. मागच्या रांगेत बाईंची धाकटी भावजय भरदुपारी मशीनला नाक लावून काळ्या कापडावर काळी शिवण घालत होती. तिच्या बोटाला पट्टी होती.

"सुई घुसली," ती हळूच म्हणाली. "दिसतच नाही हो, वन्सं."

मालक हसत पुढे आले. "मॅडम, फळी म्हटल्यावर सामान ठेवणारच की! जागा वाया कशाला घालवायची?"

"आणि यांचे डोळे वाया गेले तर चालतं?"

"दिवे वाढवू ना, पुढच्या वर्षी."

बाईंनी बाह्या सरसावल्या, शिडी ओढली आणि वर चढून पहिला गठ्ठा ढकलला. तो मालकांच्या पायाशी धप्पकन आदळला.

"अहो, हे काय चालवलंय!"

दुसरा पडला. मशिनं थांबली. भावजय उठून शेजारच्या खिडकीशी गेली आणि तिच्यामागे अख्खी रांग.

संध्याकाळी फळ्या मोकळ्या होत्या. मालकांनी नव्या गोदामाचं काम बाईंकडून काढून घेतलं.

"खुशाल घ्या," बाई कडाडल्या. "पण फळ्यांवर धूळ आहे. उद्या फडकं घेऊन येते. अडवून दाखवा!"