जरा दम द्या

धुळ्याहून पारोळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाजारपेठेचं एक गाव आहे. त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. वाचताना ज्याला ते आपलंच वाटेल, त्याने ते आपलंच समजावं.

सदुसष्ट सालच्या ज्येष्ठ महिन्यातला तो मंगळवार, म्हणजे गावचा बाजार. शांतीलाल शेठच्या आडत दुकानापुढे शेंगांच्या गाड्या उभ्या होत्या. हिलाल हमाल गोण्या उतरवत होता आणि प्रत्येक गाडीवानाची काही ना काही थट्टा करत होता. एका म्हाताऱ्याला त्याने विचारलं, "आबा, शेंगा आन्यात का निस्त्या टरफल्या?" म्हाताऱ्याने चाबूक उगारला तशी सारी पेठ हसली. हिलाल दुकानात पोरसवदा असताना लागला होता, तो तिथेच बाप्या झाला होता. त्याचं लग्न शेठनेच उभं राहून लावलं होतं.

शांतीलाल शेठ वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. वाईट माणसांच्या गोष्टी सोप्या असतात. त्या वाचून आपण निश्चिंत झोपतो. हा माणूस पाणी गाळून प्यायचा, दिवेलागणीनंतर अन्नाला शिवायचा नाही, आणि उंबऱ्यात मुंग्यांची रांग दिसली तर तिला ओलांडून जायचा. पावसाळ्यात जैन स्थानकात साधू आले की त्यांचं व्याख्यान तो कधी चुकवायचा नाही.

त्या दिवशी दुपारी गादीवरचं त्याचं मनगटी घड्याळ दिसेनासं झालं. सुरतच्या व्याह्यांनी दिलेलं, नवंकोरं. गादीची उशी, लोड, गल्ल्याचा कोनाडा, सगळं उलथंपालथं केलं. त्या दिवशी दुकानात पन्नास माणसं येऊन गेली होती. पण संशय घ्यायचा झाला की आपल्या डोळ्यांना खांद्यावर गोणी असलेलाच माणूस आधी दिसतो.

फौजदार दर बाजारी शेठच्या गादीवर चहाला यायचा, तसा त्या दिवशीही आला. दुकानाला लागूनच घर. मधल्या दाराआड शेठची बायको चंदनबाई चहाचे कप ताटलीत ठेवत होती. तिला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"तक्रार लिहून द्या, उद्या हजर करतो," फौजदार म्हणाला.

"छे छे, लिहापढी नको, साहेब," शेठ म्हणाला. "घरातलाच माणूस आहे. उगाच त्याचं नाव खराब व्हायचं. जरा दम द्या म्हणजे झालं."

"मग ठाण्यावर पाठवून द्या."

बस्स, एवढंच झालं. दोन सभ्य माणसांनी चहा पिता पिता तिसऱ्या माणसाचा निकाल लावला. आणि गंमत अशी, की शेठला वाटलं आपण दयाच केली. केस नाही, कोर्ट नाही, गरिबाच्या नावाला बट्टा नाही. आपल्या गावोगावच्या पेढ्यांवर, वाड्यांत, बंगल्यांत ही दया रोज चालते. मोलकरणीवर, गड्यावर, सालदारावर. आपल्या हाताला रक्त लागू न देता दुसऱ्याच्या काठीने मारायची ही रीत आपण इतकी अंगवळणी पाडली आहे, की तिला आपण ओळख म्हणतो. 'आपली ठाण्यात ओळख आहे.'

फौजदार गेल्यावर शेठने हिलालला हाक मारली.

"हिलाल, हाऊ तेलना डबा ठाणामा फौजदारसाहेबले दी ये रे."

"दी येस, शेठ. पन त्या गोण्या?"

"राहू दे त्या. तू जा."

हिलालने डबा डोक्यावर घेतला. जाता जाता म्हणाला, "साहेब माले चहा पाजतीन का, का खाली हातेच धाडतीन?" आणि स्वतःच हसत निघून गेला. शेठला तेव्हा त्याच्याकडे पाहवलं नाही. तो पावतीपुस्तक चाळत बसला.

दिवस कलता कलता हिलालची बायको भिकुबाई लेकीला कडेवर घेऊन दुकानाच्या ओट्याशी आली.

"शेठ, पोरना बाप अजून घर उना नही. तुम्ही कोठे धाडं का?"

शेठ जेवायला उठत होता. सूर्य बुडायच्या आत त्याला जेवण आटपायचं होतं. "येई, येई. साहेबनी काही कामले लायं व्हई," तो म्हणाला. भिकुबाई निर्धास्त परत गेली. शेठने सांगितल्यावर काळजी करायची, हे तिला ठाऊकच नव्हतं.

सकाळी हिलाल गावाबाहेरच्या फरशीपुलाखाली सापडला. मेलेला. दारू पिऊन पुलावरून पडला, असं पोलिसांनी सांगितलं. तो पूल कमरेइतका उंच. त्यावरून पोरं दिवसभर उड्या मारतात आणि गुडघे खरचटून घरी जातात. हिलालच्या घराण्यात महानुभावांचा उपदेश घेतलेला. दारूचा वास आला तरी तो माणूस उठून बाजूला बसायचा.

भिकुबाईने नवऱ्याच्या अंगावरचं धोतर सरकवलं आणि तिथेच थांबली. त्याचे तळपाय सुजून काळेनिळे पडले होते.

"पूलवरतून पडना," ती जमलेल्या लोकांना म्हणाली, "तं मंग तयपाय काया कशा व्हयनात?"

सगळ्यांना उत्तर माहीत होतं. बाजूला दोन शिपाई उभे होते, म्हणून लोक खाली मान घालून उभे राहिले. आपण फार शहाणे लोक आहोत.

आता, घड्याळ पुढे सापडलं का, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात आला असेल. मी सांगणार नाही. ते हिलालनेच घेतलं होतं असं क्षणभर धरून चाला. मग काय झालं? चोराला कायद्यात शिक्षा लिहिलेली आहे, आणि तळपायांवर काठ्या मारून जीव घेणं हे कुठल्याच कलमात नाही. हिलाल निर्दोष निघाला तरच आपल्याला त्याच्यासाठी हळहळ वाटणार असेल, तर फौजदारात आणि आपल्यात फरक फक्त गणवेशाचा.

गावात तोताराम शिंपी म्हणून एक भांडखोर माणूस होता. बेचाळीसच्या चळवळीत पोलिसांचा मार खाल्लेला. त्याने भिकुबाईला घेऊन धुळे गाठलं, कलेक्टर कचेरीत अर्ज दिला, आणि महिनाभर तिथल्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी प्रांतसाहेब चौकशीला येणार असं ठरलं. अडचण एकच होती. हिलालला कुणी अटक केलीच नव्हती. ठाण्याच्या कुठल्याही कागदावर त्याचं नाव नव्हतं. लिहापढी नको म्हणून सांगितलेलं ते फौजदाराने अगदी तंतोतंत पाळलं होतं. डोक्यावर डबा घेऊन जाताना हिलाल पेठेला दिसला होता, पण तो ठाण्यात गेला होता हे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तोताराम त्याच्याविषयी साशंक होता.

"शेठ खरं सांगतीन का व भिकुबाई?"

"सांगतीन," ती म्हणाली. "ते मुंगीवरबी पाय पडू देतस नही, दादा. मानूस मरी गया, नि ते खोटं बोलतीन?"

चौकशीच्या आदल्या दिवशी फौजदार दुकानात आला. या वेळी तो गादीवर बसला नाही.

"शेठ, लेखी काही नको म्हणालात, ते बरं केलंत," तो म्हणाला. "आता तोंडीही काही नको. दम द्या असं कुणी सांगितलं, कुणी डबा देऊन पाठवलं, हे निघालं तर दोघांनाही जड जाईल."

दुसऱ्या दिवशी डाकबंगल्यात प्रांतांनी शेठला विचारलं. भिकुबाई बाहेर व्हरांड्यात फरशीवर बसली होती. खिडकी उघडी होती.

"हिलाल त्या दिवशी तुमच्याकडून ठाण्यात गेला होता का?"

"नाही, साहेब. दुपारीच काम टाकून निघून गेला. कुठे गेला, मला काही बोलला नाही." जरा थांबून शेठने आपण होऊन भर घातली, "अलीकडे त्याचं वागणं ठीक नव्हतं."

मार खाऊन मेला तेव्हा हिलाल फौजदाराच्या हातून मेला. या वाक्याने त्याला पुन्हा एकदा मारलं, आणि या वेळी मारणारा परका नव्हता. भिकुबाई रडली नाही. तिने लेकीला उचललं आणि बंगल्याच्या फाटकातून बाहेर पडली. तोताराम मागून हाका मारत राहिला. पोलिसांचा तिला कधी भरवसाच नव्हता. भरवसा होता तो या एका माणसाचा, आणि त्याने तो भर दुपारी, साहेबासमोर विकून टाकला होता.

भाद्रपद आला. पर्युषणात शेठने आठ दिवसांचे उपास केले, नुसत्या पाण्यावर. लोक म्हणाले, हिलालची गोष्ट त्याने मनाला फार लावून घेतलीय. पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी संवत्सरी, आणि तिच्या दुसऱ्या दिवशी सगळी जैन घरं एकमेकांकडे जाऊन वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. खमत खामणा म्हणतात त्याला. मोठी सुंदर चाल आहे ती. लहान-थोर, मालक-नोकर, सगळे एकमेकांपुढे हात जोडतात. त्या सकाळी शेठ चंदनबाईला घेऊन हमालांच्या गल्लीतही गेला, आणि गल्लीने त्याचं कौतुक केलं.

भिकुबाईच्या दारापुढे त्याने हात जोडले. उपासाने त्याचा चेहरा ओढलेला होता, डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी खोटं नव्हतं, हेही सांगायला हवं.

"भिकुबाई, जाणता-अजाणता मन्हाकडथीन काही चुकं व्हई, तं माफ करजो. खमत खामणा."

ती चुलीपुढून उठून दारात आली.

"अजाणता कोनतं, शेठ?" तिने विचारलं. "डबा दिसन धाडं ते, का बंगलामा बोलनात ते?"

शेठने पुन्हा 'खमत खामणा' म्हटलं.

"माफी आठे मांगाले काय लागस? आठे मी एकली शे. ज्या साहेबनामोरे खोटं बोलनात ना, तेन्हामोरे मांगा. मंग मी देस."

शेठचे हात तसेच जोडलेले होते. त्याने एकदा इकडे तिकडे पाहिलं आणि ते जोडलेले हात घेऊनच तो शेजारच्या दाराकडे वळला. तिथे त्याला लगेच क्षमा मिळाली.

चंदनबाई मात्र त्याच्यामागून गेली नाही. चहाच्या ताटलीपाशी ऐकलेले शब्द ती तीन महिने गिळत आली होती. पुरुषांना व्यवहार कळतो, असं स्वतःला समजावत होती. आता डोक्यावरचा पदर सावरून ती खालच्या आवाजात म्हणाली, "भिकुबाई, तेव्हा मी दाराआड होते. मी सगळं ऐकलंय. मी धुळ्याला येऊन सांगते."

भिकुबाईने तिला विचारलं, "तुम्ही बी तठे जाईसन बदलनात तं?"

चंदनबाई दारातून हलली नाही.

"चला," भिकुबाई म्हणाली. "पन बसमा मी तुम्हना जोडे बसाव नही. तुम्ही पुढे बसा, मी मांगे बसस."

त्याप्रमाणे त्या गेल्या. ज्या बाईने घरच्या पुरुषाशिवाय कधी वेस ओलांडली नव्हती, ती तोतारामाच्या सोबतीने प्रांतकचेरीत जाऊन उभी राहिली. प्रांतसाहेबांनी तिला सावध केलं, "बाई, हे सांगितलंत तर तुमच्या यजमानांवरही येईल. विचार केलाय ना?"

"विचार करत बसले, म्हणूनच इतका उशीर झाला," ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा तिने ते घेतलं.

बाहेर आल्यावर तिने भिकुबाईपुढे हात जोडले. आता तरी ही बाई आपल्याला जवळ घेईल असं तिला वाटलं असावं. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं होतं.

भिकुबाईने तिचे जोडलेले हात धरून हळूच खाली केले.

"आते नही," ती म्हणाली. "फौजदारले बेड्या पडू द्या. मंग या."

त्या घरात चंदनबाईला पुढे काय काय सोसावं लागलं ते सांगत बसत नाही. पुढल्या वर्षीची संवत्सरी आली. चंदनबाईने गावभर हात जोडले, नवऱ्यापुढेही जोडले. भिकुबाईच्या दारावरून जाताना मात्र ती खाली मान घालून पुढे गेली. फौजदाराची दुसऱ्या तालुक्यात बदली झालेली होती, आणि तो अजून नोकरीत होता.