बाबांचा आवाज आणि माझी घरघर

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. हे वेगळे सांगायला नकोच, कारण माझा पंखा सुरू झाला की शेजाऱ्यांनाही कळते. माझी एक कळ निखळली आहे, बिजागरी ढिली झाली आहे. कान मात्र अजून शाबूत आहेत, आणि माझे सगळे दुःख या कानांचेच आहे.

ताईने मला निवडले तेव्हा दुकानदार दुसऱ्याच एका मोठ्या पडद्याचे गुण गात होता. ताई म्हणाली, पडदा लहान चालेल, पण गाणे करताना मधेच अडकणारा नको. मी अडकलो नाही, म्हणून माझी वर्णी लागली. घरात माणसे दोनच, ताई आणि तिचे बाबा. बाबा रंगारी होते, लोकांची घरे रंगवायचे. ताई चाली बांधायची, स्वतः गायची आणि माझ्यात साठवून ठेवायची.

संध्याकाळी बाबा कामावरून आले की मोरीत ब्रश धुवायला बसत आणि मोठ्याने गात. सूर पक्का, शब्द मात्र निम्मे पदरचे. दार लोटले तरी तो आवाज ताईच्या गाण्यात घुसायचाच. मग ताई तेवढा भाग निवडून कापून टाकायची. माझ्या पोटात जागा कमी, म्हणून कापलेले तुकडे कायमचे पुसायची. खरे सांगू? पुसायचो मीच. मी पडलो सांगकाम्या. तेव्हा त्याचे काही वाटतही नसे, उलट जागा मोकळी झाली की हलके वाटे.

मग एकदा बाबांचा घसा बसला तो सुटेचना. डॉक्टरांनी तपासून सांगितले की घशातली गाठ स्वरयंत्रासकट काढावी लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनला तीन आठवडे होते.

बाबांचे एक तरी गाणे जपून ठेवायचे, असे ताईने ठरवले. बाबा लगेच माझ्यासमोर येऊन बसले.

"ह्याच्यावरच घे की. आज गळा जरा बरा आहे."

"नको बाबा. एकदाच मिळणार आहे ते. त्यात ह्याच्या पंख्याची घरघर नको."

तिला दोष देववत नाही मला. बाबांसाठी चांगल्यातले चांगले हवे, एवढेच तिच्या मनात होते. पहिला आठवडा निवडण्यातच गेला. पंखाच नसलेला लॅपटॉप हवा, चांगला माइक हवा, आणि माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी साउंड कार्डाची डबी हवी. शेकडो लोकांची मते तिने वाचली. एक म्हणे हीच डबी घ्या, दुसरा म्हणे ती सोडून काहीही घ्या. माझी गच्छंती माझ्याच पडद्यावर ठरत होती.

दुसऱ्या आठवड्यात नवा लॅपटॉप आला. सडपातळ, आणि अगदी गप्प. मला कपाटावर ठेवले. मग डबी आली, तर तिच्या वायरीचे टोक रुंद आणि नव्या लॅपटॉपचे भोक चिंचोळे. मधली जोडणी मागवण्यात चार दिवस गेले. ती लागली तर आवाजात चरचर येऊ लागली, ती घालवण्यात आणखी तीन. बाबा रोज विचारायचे, झाले का गं? रोज तो प्रश्न आदल्या दिवसापेक्षा बारीक ऐकू यायचा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सगळे जमले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून माइकसमोर बसले. त्यांनी तोंड उघडले, पण नुसती हवा आली. पाणी पिऊन पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच. ते ध्वनिमुद्रण फार स्वच्छ झाले आहे, मित्रांनो. त्यात कुठेही घरघर नाही.

बाबा वाचले. आता ते वहीत लिहून बोलतात.

ते घरी आल्यावर ताईने मला खाली काढले, धूळ पुसली आणि जुनी एकेक फाइल ऐकू लागली. कुठेतरी बाबांची एखादी ओळ राहून गेली असेल, ही आशा. पण आम्ही दोघांनी फार मन लावून पुसले होते. आठव्या दिवशी एक फाइल सापडली. आधी मोरीतले पाणी, मग ताईचा त्रासलेला आवाज, "बाबा, जरा गप्प बसाल का?"

आणि लांबून, हसत, "बरं बाळा. बसलो गप्प."

बाबांचा तेवढाच आवाज आता या जगात उरला आहे. बाबांनी तो ऐकला आणि वहीत लिहिले, छान आलाय. ताईला रडू आवरेना. मला रडता येत नाही, याचे त्या दिवशी फार वाईट वाटले.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. यंत्र आज ना उद्या भंगारात जायचेच. पण तुमच्या घरात कुणी गात असेल, तर हाताशी असेल त्या यंत्रावर ते आजच साठवा. चांगल्या यंत्राची वाट पाहू नका.

त्या फाइलीत बाबांच्या शब्दांनंतर बराच वेळ फक्त माझा पंखा घरघरतो. त्यातले काहीही कापायचे नाही, असे ताईने मला बजावले आहे.