सतराव्या पानावरचा शिक्का

वाचनालयात खिडकीपाशी एक टेबल होतं आणि त्या टेबलाचा ग्रंथपालबाईंना जरा जास्तच अभिमान होता. जरा म्हणजे काय, चांगलाच होता, आणि का असू नये? दोन वर्षांपूर्वी वरिष्ठांच्या मागे लागून लागून त्यांनी ते मिळवलं आणि त्यावर पाटी ठेवली, ‘आरोग्याची माहिती. विचारा, लाजू नका.’ तेव्हा सगळे हसले होते. “बाई, लोक इथं कादंबऱ्या न्यायला येतात. पोट साफ होत नाही, हे सांगायला कोण येणार?” आता बघा म्हणावं. दार उघडायच्या आधी दोघंतिघं पायरीवर हजर असायचे.

एका आजोबांना मोबाइलवर आलं होतं की, अमुक पावडर महिनाभर घेतली की डोळ्यांचा नंबर जातो. बाईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही, फक्त तो मेसेज शेवटपर्यंत वाचायला लावला. तळाशी पावडर मागवायचा फोन होता. आजोबा खो खो हसले. “माझा नंबर जायचा राहिला, यांचा मात्र आला!”

बाईंची पद्धत साधी होती. टेबलावर पुठ्ठ्याचं एक कार्ड असायचं, त्यावर चार प्रश्न. हे कुणी लिहिलं? केव्हा लिहिलं? त्याला आपल्याला काही विकायचंय का? आणि दुसरं कोण हेच म्हणतं? औषध कुठलं घ्यायचं हे त्या मेल्या तरी सांगायच्या नाहीत. “मी डॉक्टर नाही. मी वाट दाखवते, पुढचं डॉक्टरांना विचारा,” हे वाक्य त्या दिवसातून वीसदा म्हणायच्या.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांचे वडील बसायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. पन्नास वर्षं बाइंडिंग केलेला माणूस. निवृत्त होऊनही आठवड्यातून तीन दिवस यायचा, कारण घरी करमत नाही आणि दुसऱ्याच्या हातचं काम बघवत नाही. सरसाचा वास, दाबाखाली ठेवलेली पुस्तकं, भिंतीला टेकवलेले रेक्झिनचे तुकडे आणि पाठीवर सोनेरी अक्षरं उमटवायचे पितळी ठसे, एवढाच त्यांचा संसार. “माझ्या हातून गेलेलं पुस्तक उसवणार नाही,” ते म्हणायचे, “वाचणारा उसवेल.” आणि खोटं नव्हतं ते. अण्णांचं काम म्हणजे दगडावरची रेघ.

तर एका दुपारी ड्रायव्हरकाका टेबलापाशी आले. तीस वर्षं बस चालवून मोकळे झालेले, आवाज अजून गाडी सुरू असल्यासारखा. गेल्याच आठवड्यात त्यांनी ऊर फुगवून सांगितलं होतं, “नात झाली, बाई! मुलगी बाळंतपणाला माझ्याकडेच आहे. बाळाच्या संगोपनाचं एखादं फक्कड पुस्तक काढा.” त्या दिवशी टेबलावर गर्दी होती. बाईंनी कपाटातून लाल पुस्तक काढून दिलं होतं.

आज तेच पुस्तक त्यांनी धाडकन टेबलावर ठेवलं.

“मला हे लिहून द्या.”

“काय लिहून देऊ, काका?”

“की हे पुस्तक बरोबर आहे. यात साफ छापलंय, बाळाला पालथं निजवावं, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. आणि माझी मुलगी म्हणते, दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलंय, उताणंच निजवायचं. मी म्हटलं, अगं ती कालची पोर, आणि हे एवढं मोठं छापील पुस्तक! चार दिवस झाले, घरात नुसती धुसफूस. आज सकाळी तर म्हणाली, ऐकणार नसाल तर उद्या सासरी जाते. आता तुम्हीच सही-शिक्का मारून द्या, म्हणजे मिटलं.”

बाईंनी पुस्तक उघडलं. काका खरंच बोलत होते, ‘पालथं’ असंच छापलं होतं.

“काका, आत्ता बाळ कुठंय?”

“झोपलंय. मीच निजवून आलो.”

“कसं?”

“पालथं! पुस्तकाप्रमाणे.”

“मी डॉक्टर नाही, काका,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचाच आवाज त्यांना परका वाटला, “पण आधी घरी फोन लावा आणि बाळाला उताणं करायला सांगा. आत्ता. वाद आपण मागनं घालू.”

काकांनी कुरकुरत फोन लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. “झोपली असेल तीही,” काका म्हणाले, पण त्यांचा आवाज उतरला होता. पुन्हा लावला. पुन्हा तेच. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली होती. तिसऱ्यांदा पलीकडून जड आवाज आला, आणि काका ओरडलेच, “अगं, बाळाला उताणं कर! आधी कर, मग बोल!”

पलीकडचं बोलणं बाईंनाही ऐकू आलं. “उताणंच आहे ते, बाबा. तुम्ही दार ओढून घेतलंत की रोज मी त्याला उलटवते.”

“रोज?”

“रोज.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. काका मात्र फोनकडे बघत बसले. मुलीनं आपल्याला चार दिवस गुंडाळलं याचा राग यावा की तिचे पाय धरावेत, हे त्यांना कळेना.

“पण पुस्तक?” ते शेवटी म्हणाले. “पुस्तक खोटं बोलतं का, बाई? नवंकोरं पुस्तक!”

हाच तर प्रश्न होता. पुस्तक दिसायला नवं होतं खरं. लाल रेक्झिन, पाठीवर झगमगीत सोनेरी नाव. बाईंनी संगणकात बघितलं. नोंदीत छापल्याचं साल होतं सात वर्षांपूर्वीचं. सात वर्षांपूर्वीच्या पुस्तकात हे असेल? त्यांनी पहिली पानं उलटली. नावाचं पान नव्हतंच. पुठ्ठा, कोरा कागद, आणि एकदम पहिलं प्रकरण.

आता वाचनालयाची एक जुनी रीत सांगितली पाहिजे. पुस्तक चोरणारा माणूस शिक्का असलेलं पहिलं आणि शेवटचं पान फाडतो, म्हणून प्रत्येक वाचनालय आपलं एक गुप्त पान ठरवतं आणि तिथंही शिक्का आणि क्रमांक मारून ठेवतं. इथलं पान होतं सतरावं. बाईंनी सतरावं पान काढलं. फिकट जांभळा शिक्का, आत चार आकडी क्रमांक. इतका लहान क्रमांक! हल्लीचे तर पाच आकडी असतात. त्या उठल्या, कपाटावरनं धुळीनं माखलेली दाखल-नोंदवही काढली आणि बोटानं ओळी खाली खाली नेल्या.

“त्रेचाळीस वर्षं,” त्या म्हणाल्या. “काका, हे पुस्तक त्रेचाळीस वर्षांपूर्वी इथं आलंय. तेव्हा मोठमोठे डॉक्टरसुद्धा पालथंच सांगायचे. पुढं अभ्यास झाले, कळलं की झोपेत बाळाच्या जिवाला त्यानं धोका वाढतो, आणि सगळ्यांनी सल्ला बदलला.” त्यांनी संगणकावर सरकारी आरोग्य खात्याचं पान उघडून दाखवलं, मग बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं. दोन्हीकडे खाली तारीख होती, यंदाची. दोन्हीकडे एकच वाक्य, बाळाला पाठीवर निजवा. “दोघांना काही विकायचं नाही, आणि नर्सबाईही हेच म्हणतात. मग आपण कोण?”

काका बराच वेळ वाचत होते. मग हळूच म्हणाले, “त्रेचाळीस वर्षांपूर्वीच्या रस्त्यानं मी बस काढली असती, तर सरळ नदीत. पूल नंतर झाला.” आणि कपाळाला हात लावून हसले. “पोरीपुढं नाक घासायला लागणार आज!”

“घासा की. नातीसाठी आहे, कमीपणा कसला?”

काका ती दोन्ही पानं छापून घेऊन गेले. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. कारण संगणकातला सात वर्षांपूर्वीचा तो आकडा दुसऱ्या कुणी नाही, त्यांनीच टाकला होता. नवं कव्हर बघून. साऱ्या गावाला ‘केव्हा लिहिलं?’ विचारत फिरणाऱ्या बाईंनी एकाच पुस्तकाला ते विचारलं नव्हतं, कारण ते अण्णांच्या हातचं होतं. वडिलांचं काम, त्याला काय बघायचं! स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावी असं त्यांना वाटलं.

आणि आता हे अण्णांना सांगायचं होतं. ते त्याहून अवघड होतं.

मागच्या खोलीत अण्णा एका शब्दकोशाच्या पाठीला सरस लावत होते. बाईंनी लाल पुस्तक पुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं, काही न लपवता, बाळासकट.

अण्णांनी पुस्तक हातात घेतलं. उलटंसुलटं केलं. “नावाचं पान फाटलं होतं,” ते म्हणाले. “मागं साल होतं, पण पानाच्या चिंध्या झालेल्या. मी म्हटलं, घाण कशाला ठेवायची. काढून टाकलं.” पुस्तक मिटून त्यांनी खाली ठेवलं. “बाळ बरं आहे ना?”

“बरं आहे, अण्णा. आईच शहाणी निघाली त्याची.”

“तू कशावरनं ओळखलंस?”

“सतराव्या पानावरनं.”

अण्णांनी मान हलवली. मग त्यांनी चाकू घेतला, आणि ज्या माणसानं जन्मात कधी आपलं बांधलेलं पुस्तक उसवलं नव्हतं त्यानं स्वतःच्या हातची शिवण टराटरा कापली. बाईंना बघवेना. “आणखी किती असतील, पोरी?” त्यांनी विचारलं. “आरोग्याच्या कपाटातलं एकूण एक काढून आण.”

दोन आठवडे बापलेक कपाट उपसत होते. सतरावं पान, नोंदवही, साल. अकरा पुस्तकं बाद झाली. उरलेल्यांच्या पाठीवर अण्णांनी सोनेरी आकड्यांत साल उमटवलं, नावाहून मोठं. बाई म्हणाल्या, “अण्णा, जरा लहान चाललं असतं.” अण्णा म्हणाले, “म्हातारे येतात इथं. दिसू दे.”

मग एक दिवस त्यांनी खिडकीपाशच्या टेबलावर काहीतरी आणून ठेवलं. लाल रेक्झिनचा जाड पुठ्ठा, कडा सफाईदार, पण शिवण नाही. कडेला दोन पितळी स्क्रू. आत बाईंनी छापलेली माहितीची पानं, प्रत्येकाच्या डोक्यावर तारीख.

“स्क्रू फिरवलास की पान निघतं,” अण्णा म्हणाले. “नवं आलं की जुनं काढ. मला विचारत बसू नकोस.”

बाईंनी स्क्रू फिरवून बघितला. हलका फिरत होता. पन्नास वर्षं न उसवणारी पुस्तकं बांधलेल्या माणसानं मुद्दाम सुटेल असं काहीतरी बांधलं होतं, त्यांच्यासाठी. “छान झालंय,” एवढंच त्या म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात ड्रायव्हरकाका नातीला घेऊन आले, सोबत मुलगी. बाळ डोळे टक्क उघडे ठेवून छताकडे बघत होतं. बाई आतल्या कपाटाशी होत्या. अण्णा टेबलापाशी खुर्ची टाकून बसले होते, हल्ली ते तिथंच जास्त सापडायचे. काकांनी तो लाल पुठ्ठा उचलून बघितला.

“वा अण्णा! काय पक्कं काम आहे!”

“पक्कं कसलं, सुटतं ते,” अण्णा म्हणाले. मग खुर्ची पुढं ओढून त्यांनी आवाज चढवला, वाचनालयात इतक्या मोठ्यानं बोलायचं नसतं हे विसरून. “ते सोडा. तुमच्या त्या लाल पुस्तकातली चूक कुणाची होती, माहितेय? माझी! पन्नास वर्षांत कुणाला माझी चूक सापडली नव्हती. पकडली कुणी, तर माझ्या मुलीनं. सतराव्या पानावर पकडली!”

टेबलाच्या रांगेतल्या एका अनोळखी बाईला आधीचं ऐकू आलं नव्हतं. तिनं विचारलं, “काय झालं?” तर अण्णांनी तिला पहिल्यापासून सांगायला घेतलं.