टेकाडावरचं गवत

त्या गावातून खाली डॉक्टरकडे जा, बाजाराला जा, नाहीतर रुसून माहेरी जा, वाट एकच, आणि ती घळीतून जाते. घळ म्हणजे डोंगराच्या माथ्यापासून तळापर्यंत नुसता सुटा दगड, दीडशे पावलं रुंद. वरचा धोंडा कधी सुटेल याचा नेम नाही. वाटेवरच्या माणसाला तो दिसतही नाही, कारण मध्ये कड्याचं पोट पुढे आलंय. तो दिसतो फक्त समोरच्या टेकाडावरून, म्हणून टेकाडावर आत्या बसायची. तिनं पांढरं निशाण वर केलं की निघायचं. लाल दिसलं की थांबायचं, आणि घळीच्या मध्यात असलात तर जवळच्या मोठ्या दगडाआड पळायचं. घळीपाशी हाका मारायच्या नाहीत, आवाजानंही दगड सुटतो. जे काय बोलायचं ते निशाणानं.

आत्या सगळ्या गावाची आत्या. आधी तिचा नवरा निशाण धरायचा, त्याच्यामागे ती. एकवीस वर्षं डोळ्यांत तेल घालून बसली आणि एकवीस वर्षांत घळीनं एक माणूस नेला नाही. याचा तिला तोरा होता. का नसावा? तुम्ही बसून दाखवा की एक दिवस, त्या वाऱ्यात!

पण गेले आठ महिने आत्याच्या डोळ्यांवर साय धरली होती. आधी उजव्या, मग डाव्या. घळ आता तिला एका करड्या फडक्यासारखी दिसायची. माणसं म्हणजे ठिपके. आणि ही गोष्ट तिनं कुणाला, अगदी पोटच्या मुलालासुद्धा सांगितली नव्हती. सांगितलं की निशाण हातातून गेलं. आणि जाणार कुणाकडे? धाकटीकडे.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. घराची वाटणी झाली तेव्हा उन्हाची खिडकी धाकटीच्या वाट्याला गेली, तेवढ्यावरून दोघी नऊ वर्षं बोलत नव्हत्या. खिडकीवरून! मधल्या भिंतीला एक भगदाड होतं, त्यातून आत्याची नात, पाच वर्षांची भिंगरी, दिवसातून वीसदा इकडून तिकडे व्हायची. दोन्ही घरांत ये-जा होती ती तेवढीच.

मग आठ महिने निशाण चाललं कसं? तर धाकटीच्याच जिवावर. ती रोज टेकाडावर गवत कापायला यायची. वीस पावलांवर, पाठ करून, भर उन्हातही काळी शाल पांघरून. दगड घसरला की उठून उभी राहायची आणि घळीकडे बघायची. काळा डाग उभा राहिलेला आत्याला कळायचा. धाकटी उठली की आत्याचं लाल वर. धाकटी बसली की पांढरं. बाईला नसत्या चौकशा फार, म्हणून आत्या मनातल्या मनात तिला नावं ठेवायची, आणि तिच्याच पाठीकडे बघून माणसं पार करायची. लाज वाटायची, नाही असं नाही. पण सवय झाली होती.

त्या दिवशी सकाळी मुलगा दारात आला. तो गावचा सुतार, एरवी मोजकं बोलणारा. त्या दिवशी एका दमात सगळं सांगून गेला. भिंगरीचा घसा तीन दिवस सुजलेला, आता थुंकीही गिळवेना, श्वासाला शिट्टी लागलेली. गावातली नर्सबाई म्हणाली होती, दुपारच्या आत खाली न्या, माझ्या हातात आता काही नाही.

"आई, तू वर जाऊन बस," तो म्हणाला. "मी डोली बांधून आणतो."

आत्या धापा टाकत टेकाडावर पोचली, आणि वीस पावलांवर काळा डाग नव्हता.

तिनं चहूकडे डोळे ताणले. टेकाड रिकामं. नेमकी आजच कुठे उलथली ही? कानांवर भरवसा ठेवावा तर वारा असा सुटलेला की स्वतःचा खोकलाही ऐकू येईना. आणि पलीकडे, घळीच्या काठाशी, ठिपके येऊन थांबले. तिचं मूल, तिच्या मुलाचं मूल.

आत्यानं लाल वर केलं.

नेम असा होता की शंभर आकड्यांपर्यंत दगड हलला नाही तर पांढरं. आत्यानं शंभर मोजले. पुन्हा शंभर मोजले. पाचशे झाले. करडं फडकं तसंच. त्यातून काही घसरतंय की नाही, देवाला ठाऊक. पांढरं उचलावं? आजवर काय झालं नाही, आजही होणार नाही. हात पांढऱ्याकडे गेलासुद्धा. आणि मग तिला वाटलं, अगं बये, हे तू कुणाच्या जिवावर बोलतेस? लाल धरून बसावं, तर पोरीचा श्वास इथेच संपेल. आणि सुतार काय जन्मभर लालाकडे बघत उभा राहणार? बापच तो. कधी ना कधी पाऊल टाकणारच.

आणखी एक खूण होती. ती एकवीस वर्षांत कधी लागली नव्हती. दोन्ही निशाणं आडवी टाकायची, म्हणजे वर बघणारं कोणी नाही.

आत्यानं दोन्ही निशाणं दगडावर आडवी टाकली आणि तोंडावर पदर घेऊन मोठ्यांदा रडली. वाऱ्यात ऐकणारं तरी कोण होतं?

पदर काढून बघते तर एक ठिपका इतरांपासून सुटला होता. मुलगा असेल. पोरीला पाठीशी बांधून घळीत शिरला असेल. ठिपका हलत होता, पण घळीकडे की अलीकडे, ते काही केल्या कळेना. आत्या उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. ओरडताही येईना. ठिपका खाली ओढ्याच्या सावलीत नाहीसा झाला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग टेकाडाच्या उतारावर दगड वाजले आणि एक काळी शाल वर आली. धाकटी. चेहरा लालबुंद, दम छातीत मावत नव्हता.

"उचला निशाण," ती म्हणाली. नऊ वर्षांतले पहिले शब्द.

"मला दिसत नाही गं, धाकटे," आत्या म्हणाली.

"ते मागाहून. माझी नजर घळीवरून हलायला नको. मी सांगते, तुम्ही धरा." ती पुढे जाऊन उभी राहिली. घळ माथ्यापासून तळापर्यंत निरखली. मग म्हणाली, "पांढरं."

आत्यानं पांढरं उचललं.

"निघाले. पुढे दोघं, मागे दोघं, मध्ये डोली. वीस पावलं झाली. चाळीस. नीट चाललेत. साठ... लाल! जाऊबाई, लाल!"

आत्यानं लाल इतक्या जोरात फिरवलं की काठी हातातच मोडली. ती मोडकी काठी धरून फिरवतच राहिली. आता वाऱ्याच्या वरताण गडगडाट आला. करड्या फडक्यावर पांढरी धूळ चढली.

"डोली कुठंय?"

धाकटीनं डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला.

"अगं बोल की, मेले!"

"धूळ आहे. दिसत नाही मलापण." मग तिनं मोजायला सुरुवात केली. "एक डोकं आहे दगडाआड. दोन. तीन..." ती थांबली. "चार. चौघं आहेत. डोली त्यांच्या मधोमध. हात हलला पोरीचा, बाई! हलला!"

पुन्हा शंभर आकडे. दोघींनी मिळून मोजले. मग पांढरं, आणि मग धाकटी मटकन खाली बसली. "गेले पार. तुमचा लेक उतार पळतच उतरतोय."

आत्याही बसली. कुणाचे पाय कुणाला लागले, कळलं नाही.

"काठाशी उभ्या उभ्याच कळलं मला," धाकटी म्हणाली. "घळ शांत आणि लाल काही उतरेना. मग दोन्ही निशाणं आडवी दिसली, तशी पळत सुटले. सकाळी पोर माझा गळा सोडेना, तिची आई ओली बाळंतीण, म्हणून मी गेले डोलीबरोबर. चुकलंच माझं. मी वर असायला हवं होतं."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"मग काय मी भर उन्हात ही शाल हौसेनं पांघरते? तुम्हाला दिसावी म्हणून ना. आणि गवत कापायला आठ महिने येतेय, तेवढं गवत आहे का हो या टेकाडावर?"

आत्यानं हात टेकवून आजूबाजूची जमीन चाचपली. माती आणि खडे. नखाएवढंही गवत हाताला लागलं नाही. तिनं दुसरीकडे चाचपलं, तिथंही नाही.

"एका शब्दानं बोलली नाहीस," ती म्हणाली.

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

पलीकडे खालच्या वाटेवर धूळ उडत होती; ती आत्याला दिसली नाही, धाकटीनं सांगितली. मग धाकटीनं शालीची किनार फाडून मोडकी काठी बांधली, आणि म्हणाली की उद्या पांढरं दिसलं की जाऊबाईंनी खाली जायचं, नातीपाशी थांबायचं आणि डोळे दाखवूनच परत यायचं.

"घळीतून?" आत्या म्हणाली. एकवीस वर्षांत तिनं घळ ओलांडली नव्हती. दुसऱ्या कुणाच्या निशाणावर तिचा भरवसाच नव्हता.

"घळीतूनच. मी आहे ना वर."

आत्यानं लाल निशाण गुंडाळलं, पांढरं गुंडाळलं, आणि दोन्ही धाकटीच्या मांडीवर ठेवली.