पालकाचा लेखी खुलासा

योगिनीने भाजीची पिशवी जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकवली, चष्मा वर सरकवला आणि सूचनाफलकावरचा कागद दुसऱ्यांदा वाचला.

'२६ जानेवारी रोजी ध्वजवंदनानंतर, सकाळी ठीक अकरा वाजता, नोकरी सांभाळून घराची संपूर्ण जबाबदारी एकहाती पेलणारे आपल्या सोसायटीतील आदर्श पालक श्री. महेंद्र सावर्डेकर (बी-५०३) यांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार करण्यात येईल. सर्व सभासदांनी सहकुटुंब उपस्थित राहावे.'

बी-५०३ हे तिचेही घर होते आणि श्री. महेंद्र सावर्डेकर हे तिचे यजमान. सहकुटुंब या शब्दात आपली सोय झालेली आहे, हे तिच्या लक्षात आले.

ठाण्याच्या एका महाविद्यालयात ती इतिहास शिकवत असे. कागद हाती आला की तो कोणी लिहिला आणि कोणाचे नाव गाळून लिहिला हे आधी पाहावे, असे ती दर जूनमध्ये नव्या वर्गाला सांगे. तिचा प्रबंध खाडीकाठच्या मिठागरांवर होता. मीठ ओढणाऱ्या बायकांची मजुरी त्यांच्या नवऱ्यांच्या नावे मांडलेली तिने पाहिली होती, आणि त्या चोपड्यांवर चाळीस पाने संयमित भाषेत लिहिली होती. तो संयम आता तिला कामी येईना.

नोकरी सांभाळून. महेंद्रची कंपनी त्याला आठवड्यातून दोन दिवस ऐरोलीला बोलावत असे. उरलेले तीन दिवस त्याचे कार्यालय जेवणाच्या टेबलावर भरे आणि दोन मीटिंगांच्या मधल्या दहा मिनिटांत कुकरच्या तीन शिट्ट्या आरामात बसत. तिला मात्र सातच्या तासासाठी खाडीपलीकडे पोचायचे असे, आणि कुकर तिच्यासोबत वर्गात येऊ शकत नव्हता. एकहाती. मंजुळाबाईंचे दोन हात गेली नऊ वर्षे या घरात पोळ्या लाटत होते. ते हातही योगिनीनेच, ऋतिका दहा महिन्यांची असताना, चार इमारती हिंडून शोधून आणले होते. संपूर्ण. दुधाचा, गॅसचा, विम्याच्या हप्त्याचा, सोसायटीच्या देखभाल-शुल्काचा जो क्रम महेंद्र गेले चौदा महिने पाळत होता, तो तिने अकरा वर्षांत बसवला होता. त्याने तो संगणकावर रंगीत चौकटींत घातला आणि फ्रिजवर चिकटवला, एवढेच. राहता राहिला आदर्श. विशेषणाला पुरावा जोडण्याची पद्धत नाही.

"काय मॅडम!" मागून उत्तमशेठचा आवाज आला. ज्या शेतजमिनीवर ही इमारत उभी होती ती त्यांच्या वडिलांची; त्यामुळे निवडणूक न होताही ते कायमचे अध्यक्ष होते. "घरात असा हिरा ठेवलाय, आणि आम्हाला आता कळतंय होय?"

"अकरा वर्षं ते काम दुसरं कोणीतरी करत होतं, उत्तमशेठ."

"कोण, ती मंजुळाबाय?"

योगिनीने पिशवी उचलली. लिफ्ट येईपर्यंत ती हसत राहिली.

तिच्या खंडनात एक भोक होते आणि ते तिला ठाऊक होते. ऋतिकाचा डबा आता रिकामा परत येत असे. ती भरून देई तेव्हा अर्धा येई.

दुसऱ्या दिवशी रविवारी तिच्याकडे हळदीकुंकू होते. प्रथेप्रमाणे महेंद्र चार वाजता बाहेर निघून गेला. पण जाण्यापूर्वी त्याने सगळे मांडून ठेवले होते. वाणही त्यानेच आणले होते: झाकणाला रबर असलेले काचेचे छोटे डबे, प्रत्येकात पाच वेलदोडे. बायकांनी ते उजेडात धरून पाहिले.

"अगं योगिनी, हे तू आणलंस?" तिसऱ्या मजल्यावरच्या संचिताने विचारले. सत्काराची कल्पना हिचीच, हे योगिनीला कालच कळले होते.

"महेंद्रने."

"बघा! माझ्या नवऱ्याला पाठवलं असतं तर प्लास्टिकचे चमचे घेऊन आला असता. तू लकी आहेस यार. काय उपास केलेलेस सांग, आम्ही पण करू."

खोली हसली. अत्तर लावून झाल्यावर योगिनी तिळगूळ आणायला स्वयंपाकघरात गेली. तिने ओट्यावरचा, नेहमीचा, उंच डबा उघडला. त्यात राजमा होता. शेजारच्यात साबुदाणा. दारातून तीन बायका पाहत होत्या. तिने आणखी एक झाकण उघडले, तेव्हा पोहे निघाले.

"आई, ते नाही," ऋतिका धावत आली. दहा वर्षांची होती; परकर-पोलक्यात ती यजमानीण असल्यासारखी वावरत होती. "तिळगूळ खालच्या खणात. बाबांनी दिवाळीतच बदललं सगळं. तुला नाही माहीत?"

"माहीत आहे," योगिनी म्हणाली.

संचिताने तोवर फ्रिजवरच्या तक्त्याचा फोटो काढला होता. तक्त्यात सोमवार ते रविवार, भाजी, डबा, बिले, ऋतिकाच्या वह्या. एका चौकटीत हिरव्या रंगात लिहिले होते: 'योगिनीला विश्रांती.' बायकांनी ती चौकट मोठ्याने वाचली. एकीने तर हात जोडले. योगिनीने मागाहून आलेल्यांना वाकून हळदीकुंकू लावले. तिचे बोट कोणाच्याही कपाळावर जरूरीपेक्षा जास्त टेकले नाही.

एक गोष्ट मात्र तक्त्यात नव्हती. शाळेचे निरोप पालकांच्या ग्रुपवर, म्हणजे अजून तिच्याच मोबाईलवर येत. बालवर्गात प्रवेश घेताना तिचा क्रमांक दिला होता. महेंद्रने दोनदा म्हटले होते, "शाळेत माझा नंबर देऊन टाक गं, तुझा ताप कमी." दोन्ही वेळा ती हो म्हणाली होती आणि दिला नव्हता. घराची एवढीच एक किल्ली तिने कमरेला ठेवली होती. निरोप आले की ती ते त्याला पुढे पाठवी. तो उत्तरात अंगठ्याची खूण पाठवी, आणि काम झालेले असे.

मंगळवारी दुपारी बारा चाळीसला प्राध्यापक-कक्षात तिचा मोबाईल थरथरला. गणिताच्या जिल्हास्तरीय परीक्षेचे अर्ज गुरुवारपर्यंत शाळेत द्यावेत. नंतर आलेला अर्ज घेतला जाणार नाही. ऋतिका या परीक्षेच्या अभ्यासाला जूनपासून बसत होती. रोज संध्याकाळी बाप-लेक एका टेबलाशी, दोघांचेही डोके एकाच बाजूला कललेले. दार उघडून आत आलेल्या योगिनीला कोणीतरी "हं, आलीस?" म्हणे, आणि पेन्सिल पुन्हा चालू लागे.

तिने निरोप वाचला. निरोप पुढे पाठवण्याच्या खुणेवर अंगठा नेला. तो तिथे, काचेपासून केसभर अंतरावर, थांबला. समोरच्या टेबलावर कोणीतरी परीक्षेच्या पर्यवेक्षणाची यादी वाचत होते. योगिनीने मोबाईल उपडा ठेवला आणि त्यावर हजेरीपट ठेवला.

बुधवारी तिला आठवण होती. गुरुवारीही होती. गुरुवारी संध्याकाळी तिने टेबलाशी वाकलेली ती दोन डोकी पाहिली आणि चहा करायला गेली. साखर तिला पहिल्याच डब्यात सापडली.

सव्वीस जानेवारीला सकाळी शाळेच्या पटांगणात झेंडा वर गेला, मुलांना बुंदीचा लाडू मिळाला, आणि ऋतिकाच्या वर्गाच्या बाईंनी महेंद्रला बाजूला बोलावले. योगिनी दहा पावलांवर उभी होती. महेंद्रने आधी मान हलवली, मग कपाळाला हात लावला. ऋतिका त्याच्याजवळच उभी होती. तिने हातातला लाडू कागदात परत गुंडाळला. घड्या पडतील तशा, सावकाश.

"सगळ्या पालकांना कळवलेलं म्हणे," महेंद्र रिक्षात म्हणाला. "तुला काही आलेलं का गं?"

"त्या ग्रुपवर दिवसाला पन्नास मेसेज येतात."

वाक्यातला प्रत्येक शब्द खरा होता. अशी वाक्ये कशी ओळखावीत यावर ती दरवर्षी दोन तास घेत असे.

"बरोबर आहे. तुझ्यावर कशाला टाकायचं? मीच फोन करून विचारायला हवं होतं." त्याने खिशातला कोरा अर्ज काढून उलगडला. "बाई म्हणाल्या, उद्या सकाळी नऊपर्यंत अर्ज दिला आणि सोबत पालकांचा लेखी खुलासा जोडला, तर त्या वर विनंती करून बघतील. बघतील म्हणाल्या. घेतील असं नाही."

"बाबा, सॉरी नका बोलू आता," ऋतिका म्हणाली. तो अजून तसे म्हणालाच नव्हता.

अकरा वाजता सोसायटीच्या आवारात उत्तमशेठनी माइकवर फुंकर मारली. सत्यनारायणाचा प्रसाद द्रोणांतून फिरत होता. महेंद्रच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि "दोन शब्द, दोन शब्द" असा गलका झाला.

"बोलायचं म्हणजे…" महेंद्रने माइक चुकीच्या अंतरावर धरला होता. "आज सकाळीच कळलं, माझ्या मुलीच्या परीक्षेचा अर्ज माझ्याकडून राहिला. जूनपासून अभ्यास करतेय ती. तर आदर्श वगैरे… ते नको. माझ्या घरात एक बाई आहे. तिने अकरा वर्षं हे सगळं केलं, सकाळचं कॉलेज करून, पीएचडी करून, माझी आई अंथरुणाला होती ते वर्षही काढून. फ्रिजवर कागद न लावता. आणि एक तारीख चुकवली नाही. एकही. तेव्हा मी कधी टाळी वाजवली नाही. कोणीच नाही वाजवली. ही शाल तिची आहे."

तो खाली उतरला आणि सगळ्यांसमोर ती शाल त्याने योगिनीच्या खांद्यांवर ठेवली. नारळ तिच्या हातात दिला. टाळ्या वाजल्या. संचिताने डोळे पुसले आणि मग आणखी जोराने वाजवल्या. अकरा वर्षे ज्या वाक्याची योगिनी वाट पाहत होती, ते वाक्य शब्दशः, कर्त्या-कर्मासकट, ध्वनिक्षेपकावरून उच्चारले गेले होते. शाल नवी होती. तिला दुकानाच्या कपाटाचा वास येत होता.

"बोला मॅडम, तुम्ही पण बोला," उत्तमशेठ म्हणाले.

योगिनीने मान हलवून नाही म्हटले. लोकांना तो विनय वाटला.

लिफ्टमध्ये ऋतिकाने तिचा हात धरला. बऱ्याच दिवसांनी.

"आई, आता माझं शाळेचं तूच बघशील? बाबा विसरतात."

महेंद्रने मजल्यांच्या आकड्यांकडे पाहिले. तीन. चार. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"बघेन," योगिनी म्हणाली.

जेवणे झाली. महेंद्रने अर्ज भरला, ऋतिकाचा फोटो चिकटवला आणि मग एका कोऱ्या कागदावर खुलासा लिहिला. तीन ओळींना त्याला अर्धा तास लागला. कागद त्याने योगिनीपुढे सरकवला.

"जरा मराठी बघून दे ना. 'निष्काळजीपणा' बरोबर लिहिलंय का? सकाळी ऑफिसला जाता जाता मीच देईन शाळेत."

तो ऋतिकाशेजारी जाऊन बसला. मुलीने पुस्तक उघडले नव्हते. फक्त पुढ्यात ठेवले होते. त्याने काहीतरी विचारले. तिने खांदे उडवले. दोन डोकी आज एकमेकांपासून लांब होती. हे अंतर योगिनीने नजरेने मोजले. तेच तिला हवे होते, आणि ते आता पुरेपूर मिळाले होते.

तिने कागद वाचला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे माझ्या मुलीचा अर्ज मुदतीत सादर होऊ शकला नाही.' शुद्धलेखन निर्दोष होते. वाक्यात एकच विधान होते, आणि त्याचे खंडन करायला तिला कोणताही संदर्भग्रंथ उघडावा लागणार नव्हता. शाळेला हे कारण पुरले असते. बाईंनी ते मान्य केले असते, महेंद्रने ते जन्मभर मान्य केले असते.

योगिनीने तो कागद चार तुकड्यांत फाडला. महेंद्रने मान वर केली.

"एवढ्या चुका होत्या?"

"एकच," ती म्हणाली.

तिने दुसरा कागद घेतला. तारीख घातली. शाळेचे नाव, विषय, मायना. वळणदार, सुटे, ताणून न काढलेले अक्षर. एका ठिकाणी ती थांबली आणि मोबाईल उघडून वेळ पडताळून पाहिली. सही केली. कागद तिने पाकिटात घातला नाही. अर्जावर, सगळ्यांत वर, लिहिलेली बाजू दिसेल असा ठेवला, आणि तो महेंद्रच्या हातात दिला.

त्यावर लिहिले होते:

'अर्जाच्या शेवटच्या तारखेचा शाळेचा निरोप २० जानेवारी रोजी दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी माझ्या मोबाईलवर आला होता. तो मी त्याच क्षणी वाचला. माझ्या मुलीच्या वडिलांना तो मी मुद्दाम कळवला नाही, कारण ते घर माझ्यापेक्षा चांगले चालवतात असे सगळे म्हणत होते आणि ते खरे होते. यात मुलीचा दोष नाही. तिच्या वडिलांचाही नाही. — योगिनी महेंद्र सावर्डेकर, आई.'