पदकाचा शेवटचा मानकरी

माजी सैनिकांच्या सभागृहात व्याख्यान ठेवलं होतं, ‘बंद झालेल्या शौर्यपदकाचा इतिहास’. बोलायचं होतं वेल्डरला, कारण ते पदक मिळालेला तो शेवटचा माणूस. निमंत्रण आल्यापासून त्याचा पाय घरात ठरेना. फाटक जोडायला घ्यायचा, अर्ध्यात सोडून फेऱ्या मारायचा.

“अहो, जमीन झिजेल!” बायको वैतागली.

त्याला पलटणीतला जोडीदार लंबू आठवत होता. सैन्यात असताना डिझेलची गाडी पेटली, तेव्हा दोघांनी मिळून दोन जखमींना बाहेर ओढलं होतं. वेल्डरची शिफारस लगेच वर गेली. लंबूची साहेबाच्या टेबलावर रेंगाळली, आणि तेवढ्यात सरकारने पदकच बंद केलं. शिपायांना एक आणि अधिकाऱ्यांना दुसरं, असा भेद नको म्हणून सगळ्यांसाठी एकच नवं काढलं. विचार चांगलाच होता. पण जुन्या शिफारशी रद्द झाल्या आणि लंबू मधल्यामध्ये लटकला.

आदल्या दिवशी वेल्डर त्याच्या सायकलींच्या दुकानात गेला.

“उद्या चल. मी तुझं नाव घेणार आहे.”

“गप बस रे. बरं चाललंय माझं.” लंबूने चाकावरची नजर काढली नाही.

तरी वेल्डरने नाव घेतलंच. पदक कधी सुरू झालं, का थांबलं, सगळं वाचता वाचता त्याने कागद बाजूला ठेवला. “खरा शेवटचा मानकरी मी नाही,” म्हणाला आणि आगीची हकिगत सांगितली.

मागच्या रांगेतून लंबूची मुलगी उठली. शिक्षिका होती, वर्ग घेऊन आली होती.

“काका, बाबा तर सैन्यात स्वयंपाकी होते ना? हात तेलाने भाजले म्हणतात.”

वेल्डरने घाईघाईने कागद पुन्हा उचलला. सभा कशीबशी उरकून तो आणि मुलगी लंबूच्या दुकानात आले.

“झालं समाधान?” लंबू कडाडला. “तुझी तळमळ माझ्या घरात आणून टाकलीस!”

“बाबा, लपवलंत कशाला?”

लंबूने फडक्याला हात पुसले.

“गाडीत तिघं होते. दोघांना काढलं आणि हा तुझा काका धुराने बेशुद्ध पडला. मी तिसऱ्यासाठी परत गेलो. त्याचा हात हातात आला होता गं... सुटला. आग सांगायची म्हणजे तोही सांगावा लागला असता.”

तिसरा आगीत गेला एवढंच वेल्डरला माहीत होतं; हात सुटल्याचं तो पहिल्यांदाच ऐकत होता. त्याला बसवेना, निघवेना. मुलीने शटर खाली ओढलं आणि बापाच्या शेजारी बसली.

त्यानंतर महिनाभर लंबूने वेल्डरचं तोंड पाहिलं नाही. मग एका सकाळी स्वतःच त्याच्या वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहिला.

“त्या तिसऱ्याला धाकटी बहीण होती. तो कसा गेला, हे तिला कुणी सांगितलंय की नाही, कुणास ठाऊक. पोरगी म्हणते, शोधू या. येतोस?”

वेल्डरने मशीन बंद केलं आणि चपला शोधायला लागला.