हद्दीचा दगड

आमच्या आत्याचं घर हद्दीच्या दगडापलीकडे, म्हणजे शेजारच्या तालुक्यात. आमचं अलीकडे. मध्ये हाकेचं अंतर. आत्याने हाक मारली की ती दोन्ही तालुक्यांना ऐकू जाते. तिचा आवाजच तसा आहे.

त्या वर्षी तिच्या पायाची जखम चिघळली. तिच्या तालुक्यातली नर्स बदलून गेली होती, नवीन आलेली नव्हती. आमच्या नर्सबाई रोज दगडापर्यंत यायच्या आणि थांबायच्या.

"बाई, ते काय समोर दार दिसतंय," मी म्हणालो.

"दिसतंय ना. पण माझी हद्द इथे संपते."

बाई नियमावर बोट ठेवणाऱ्या. त्यांच्या नाकावर माशी बसायची, तर तीसुद्धा आमच्याच तालुक्यातली असावी लागायची. मला त्यांचा मनापासून राग यायचा.

मग मी आणि आतोबा आत्याला खाटेसकट उचलून दगडाशी न्यायचो. आत्या अंगापिंडाने मजबूत. "नीट धरा रे, मी काय पोतं आहे?" पोतं बोलत नाही, हे सांगायची आतोबांची हिंमत नव्हती. एकदा त्यांचा पाय घसरला, खाट कलंडली आणि जखम पुन्हा उघडली.

बाईंनी पट्टी सोडून पाहिलं. "हिला घरी नेऊन ठेवा, मग जागेवरून हलवायचं नाही. नाहीतर पाय कापावा लागेल."

या आत्यानेच मला लहानाचं मोठं केलं होतं.

"मग उद्या पट्टी कोण करणार?"

बाई दगडाकडे बघत राहिल्या. "मी दगडाच्या पुढे यायची नाही," म्हणाल्या आणि सायकल घेऊन गेल्या.

आत्याला हलवायचं नाही. बाई हलणार नाहीत. हलण्यासारखा राहिला फक्त दगड. संध्याकाळी आम्ही तो पहारीने उकरला आणि आत्याच्या गोठ्यामागे नेऊन पुरला. तालुका मोठा झाला. आत्या खिडकीतून सूचना देत होती.

सकाळी बाई आल्या. जुन्या जागी खड्डा होता. त्याला वळसा घालून त्या सरळ आत्याच्या घरात शिरल्या. मग रोजच येत राहिल्या. पाय वाचला.

आत्या काठी टेकत दारापर्यंत आली, त्या दिवशी मी पहार घेऊन निघालो. बाईंनी अडवलं.

"कुठे?"

"दगड जागेवर ठेवतो."

"एवढ्यात नको." त्यांनी पिशवी सायकलला अडकवली. "गोठ्यामागच्या घरात एकीचे दिवस भरत आलेत. आणखी थोडा पुढे सरकवा."